डाव्या नळीचं टोपरं

टोपी उडाली ती चौकाच्या कोपऱ्यावर, जिथे वाऱ्याच्या दिवसांत धरून चालायला नगरपालिकेने दोर बांधून ठेवलेले असतात तिथे. दोर माझ्या डाव्या हातात होता. उजव्या हाताने टोपी धरायची, एवढं ज्याला या वाऱ्याने इतक्या वर्षांत शिकवलं नाही त्याला आता काय शिकवणार. माझी काळी लोकरीची गोल टोपी आधी कानावरून उचलली गेली, मग डोक्याच्या वर वीतभर उंचीवर क्षणभर थांबली, परत बसावं की नाही ते ठरवत असल्यासारखी, आणि मग चौकातल्या झाडांवरून निघून गेली. लोकरीचे मोजे विकायला बसणारी एल्सिरा आपल्या गाड्यावरून हे सगळं बघत होती. "आर्तेमिओ," ती म्हणाली, "आज पुंता अरेनासला चंद्र दिवसाच उगवला म्हणायचा." माझं टक्कल तिला नवं नाही, पण उघड्यावर ते क्वचित दिसतं. वारा कवटीला असा लागत होता की मी विचार न करता उजव्या खिशात हात घातला, जे मऊ लागलं ते ओढून काढलं आणि डोक्यावर चढवलं. ते विमानाच्या नळीचं लाल टोपरं होतं. त्याची हातभर लांब फीत माझ्या नाकासमोर फडफडत होती आणि त्या फितीवर माझ्या बायकोने पांढऱ्या दोऱ्याने भरलं होतं, 'उडण्याआधी काढा'. एल्सिराने ते मोठ्याने वाचलं. हसताना तिच्या हातातले मोजे खाली पडले. मीही हसलो. आणि हसता हसताच, एक कान झाकला की माणूस दुसराही चाचपतो त्या सवयीने, माझा हात डाव्या खिशात गेला. डाव्या खिशात पावाचे कण होते. दुसरं काही नव्हतं.

हसणं थांबायला वेळ लागतो. तोंड हसतच होतं आणि हात डावा खिसा पुन्हा उलटा करून बघत होता.

दर सप्टेंबरात वरची हवा मोजायला एक परदेशी विमान आमच्या गावच्या विमानतळावर येतं, त्याच्या नाकाखाली दोन नळ्या असतात. उजवी नळी वरच्या हवेतली धूळ आणि गोठलेले सूक्ष्म थेंब आत ओढते आणि मोजते. डावी नळी ओझोन मोजते. जमिनीवर असताना त्यांच्यात पाणी, वाळू, किडे जाऊ नयेत म्हणून त्यांना टोपरी घालतात. पहिल्या वर्षी परदेशातून आलेली रबरी टोपरी थंडीत तडकली, तेव्हा माझ्या बायकोने, झुनिल्दाने, जाड लोकरी कापडाची दोन शिवून दिली. तीच चालू आहेत. उड्डाणाआधी ती काढणं आणि उतरल्यावर चढवणं हे माझं काम. उजवं टोपरं उजव्या खिशात, डावं डाव्या खिशात. हँगरमध्ये त्यांच्यासाठी खिळे ठोकलेले आहेत, पण मी ती खिशातच ठेवतो. विमान वर असेपर्यंत टोपरी माझ्याबरोबर गावात फिरतात, बाजार करतात, चौकातल्या पुतळ्याच्या पायाच्या पितळी अंगठ्याला हात लावून येतात. त्या अंगठ्याला हात लावणारा माणूस परत इथे येतोच, असं आमच्याकडे सगळे मानतात. विमानाला खाली येऊन हात लावता येत नाही, म्हणून टोपरी लावतात. या गोष्टीला मोसमाच्या सुरुवातीला सगळे हसले होते. नंतर वैमानिक ड्वायर साहेबच सूट चढवायला जाण्याआधी विचारू लागले, "बाबा, टोपऱ्यांना फिरवून आणणार ना?"

मी दोर धरून उभा राहिलो आणि सकाळ आठवू लागलो. सकाळ लगेच आली, हीच तर अडचण. ड्वायर साहेब गाडीतून उतरले, अंगात तो फुगीर पिवळा सूट, हातात थंड हवेची पेटी, शाळेला डबा घेऊन निघालेल्या थोराड पोरासारखे. नळ्यांची यंत्रं सांभाळणारी दानित्सा धावपट्टीच्या कडेला हातात कागद दाबून उभी होती. मी शिडीवर होतो. उजवं टोपरं ओढलं, खिशात टाकलं. मग वाकून डावं. फीत बोटांना गुंडाळली गेली, लोकर नळीच्या कडेला जराशी अडकली आणि सुटली. सुटताना होणारा तो बारीक आवाजही मला ऐकू आला. पण तो आजचाच होता का? गेल्या आठवड्यातही तो तसाच झाला होता, त्याआधीही. या मोसमात मी इतक्या वेळा शिडी चढलो होतो की सगळ्या सकाळी एकमेकींवर घडी घालून ठेवल्यासारख्या झाल्या होत्या, वरची कुठली आणि खालची कुठली ते हाताला कळेना. ज्या गोष्टी आपण मन लावून करतो त्यांना तारीख असते. सवयीला तारीख नसते. मी लग्नाच्या दिवशी कुठल्या पायाने बोटीतून उतरलो ते सांगू शकतो, पण आज सकाळी दाराला कडी घातली का ते छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

आणि आजचं उड्डाण शेवटचं होतं. उद्या विमान परत जाणार होतं. ते आता दक्षिणेकडे वीस किलोमीटर उंचीवर होतं, दक्षिण ध्रुवाच्या बर्फाच्या वाटेवर, आत एकटे ड्वायर साहेब. काचेच्या शिरस्त्राणातून नळीने सफरचंदाचा लगदा चोखत बसलेले. त्यांच्यापुढे नळ्यांची फक्त दोन बटणं, चालू आणि बंद. टोपरं वर राहिलं असेल तर त्यांना ते दिसणार नव्हतं, आणि दिसलं असतं तरी हात बाहेर काढता येणार नव्हता. कापडातून हवा जाते, म्हणून नळीत हवा ओढणारा पंप तक्रार करणार नाही. पण ओझोनला लोकर आवडते, असं दानित्साने मला एकदा सांगितलं होतं. तो लोकरीला भेटला की तिथेच संपतो. म्हणजे यंत्र उतरल्यावर सांगेल, वर ओझोन नाही. दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या कुठल्या महिन्यात यंत्राने असं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, यंत्र बिघडलं. इथे सप्टेंबरात, वरच्या ओझोनला दरवर्षी भोक पडतं त्या महिन्यात, म्हणाले असते, बघा, आम्ही सांगतच होतो. वरचं भोक माझ्या बायकोने शिवलेल्या कापडाएवढं आणखी मोठं झालं असतं, आणि सगळ्या जगाने त्यावर विश्वास ठेवला असता.

मी पुतळ्याजवळ जाऊन एकच टोपरं अंगठ्याला लावलं. अंगठा हातांनी घासून घासून सोन्यासारखा पिवळा झालेला आहे, बाकीचा पुतळा काळा. एका टोपऱ्याने अर्धंच विमान परत येईल की काय, असा एक खुळा विचार आला आणि त्या परिस्थितीतही मला त्याचं हसू आलं. नळीचं टोपरं डोक्यावर घालून पुतळ्याचा पाय धरलेला म्हातारा. दोन शाळकरी मुली माझ्याकडे बघून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

घरी जाताना शेअर टॅक्सीत मी खिडकीजवळ बसलो. डोक्याला खूप थंडी वाजत होती, नेहमीपेक्षा जास्त. सकाळी मात्र डोकं कसं उबदार होतं, शिडीवरही, असं आठवलं. मग तिथून मन का कोण जाणे वडलांकडे गेलं. माझ्या लहानपणी चिलोए बेटावर आमची मासेमारीची बोट इतकी छोटी होती की तिच्यात कोरडी जागा एकच, वडलांचं डोकं. काडेपेटी, तंबाखू, गळाचे आकडे, एकदा तर पाद्रीबुवांनी दिलेली औषधाची पुडी, सगळं त्यांच्या टोपीत. खिसे पाण्यासाठी असतात, ते म्हणायचे. लाट आली की ते मान ताठ ठेवत, हात वल्ह्यावर, आणि बोट कितीही हलली तरी ते डोकं सरळ, डोक्यावर देवाची मूर्ती घेऊन मिरवणुकीत चालल्यासारखं. किनाऱ्यावर आल्यावर टोपी काढून आईच्या मांडीवर उलटी करत. आई म्हणायची, तुझ्या डोक्यात एवढंच निघालं का? मला आठवतं, मी पहिल्यांदा बोटीवर गेलो तेव्हा त्यांनी माझ्या टोपीत एकच गोष्ट ठेवली, एक गळाचा आकडा, आणि मी तो टोचेल म्हणून दिवसभर मान हलवली नाही. टॅक्सीवाल्याने विचारलं, "काका, उतरायचंय ना इथे?" मी मान ताठ करून बसलो होतो.

झुनिल्दा पावाच्या पिठात हात घालून उभी होती. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. "म्हाताऱ्या, तुला उडायचं असेल तर आधी सांगायचंस. मी डबा बांधून दिला असता."

"दुसरं कुठाय?"

"दुसरं काय?"

"टोपरं. डावं. काल शिवायला आणलं होतं का मी घरी?"

"काल तू घरी काय आणलंस ते मला माहितेय. काही नाही." मग तिने माझा चेहरा पाहिला आणि हात पिठातून काढले. ती खाटेखाली वाकली, मी कोटाची शिवण तपासली. अस्तर फाटून आत काही सरकलं असेल असं वाटलं. फाटलं नव्हतं. ती शिवण तिचीच, तिच्यातून तांदळाचा दाणा जाणार नाही. चुलीमागे मांजर होतं, मांजराखाली मांजराची ऊब होती. शेवटी ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "राहिलं असेल वर."

"असेल."

"मग सांगणार कुणाला?"

तिच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं, कारण माझ्याही तेच होतं. पुढच्या वर्षी मंडळी परत येतील. या वर्षीच कुणीतरी विचारलं होतं, हा म्हातारा अजून शिडी चढतो का, आणि दानित्साने उत्तर दिलं होतं, तुमच्यापेक्षा बरा चढतो. हे काम म्हणजे मला काय होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. वर्षातले दहा महिने मी कोळसा फोडतो आणि झुनिल्दाचं ऐकतो. दोन महिने मात्र आभाळ माझ्या हातून सुरू होतं. मी टोपरं काढल्याशिवाय कुणाला वर काय आहे ते कळत नाही. न बोलण्याची वाट सोपी होती. विमान उतरेल, मी सगळ्यांच्या आधी शिडी चढेन, टोपरं नळीवर असेल तर ओढून घेईन आणि जणू आताच घालतोय असं करून परत चढवीन. दोन श्वासांचं काम. आकडे आपल्या वाटेने जातील, लोक त्यांच्यावर माना डोलावतील. आणि पुढच्या सप्टेंबरात मी त्याच शिडीवर उभा राहीन, फक्त तेव्हा वर पाहताना मला कळणार नाही की जे दिसतंय ते आभाळ आहे की माझी लोकर.

"दानीला सांगतो," मी म्हणालो.

"सांग," झुनिल्दा म्हणाली. "आणि ते डोक्यावरनं काढून सांग."

विमानतळावर जाणाऱ्या पावाच्या गाडीत मी पुढे बसलो. सामुद्रधुनी पांढरी झाली होती, लाटांची टोकं वारा कापून नेत होता. पण ऊन होतं, असं स्वच्छ, धारदार ऊन, की लांबच्या बेटावरच्या मेंढ्याही वेगळ्या मोजता याव्यात. हे ऊन आम्हाला लहानपणी आवडायचं. आता शाळेतून मुलांना सांगतात, गाल झाका. मला अचानक खूप बरं वाटू लागलं. माणसाने सांगायचं ठरवलं की अर्धं सांगून झालेलं असतं.

दानित्सा कुसानोविच हँगरमध्ये संगणकाच्या पडद्यासमोर बसली होती. तिचे आजोबा बंदरावर नावा दुरुस्त करत, ती तेव्हा माझ्या खांद्यावर बसून जहाजं मोजायची. आता ती या नळ्यांची मुख्य आहे आणि चारचौघांत मी तिला डॉक्टरीणबाई म्हणतो. चारचौघे नव्हते. मी सांगितलं. एका वाक्यात सांगायचं ठरवलं होतं, तीन लागली.

तिने माझ्या हातातलं एकटं टोपरं उलटंसुलटं करून पाहिलं. "काका, आज त्यांनी वरनं कळवलंय, ते भोकाच्या अगदी मधोमध गेले होते. पूर्ण मोसमात इतकं आत कुणी गेलं नव्हतं."

"म्हणून तर सांगतोय."

"कदाचित नसेलच वर."

"कदाचित."

"उतरल्यावर बघू. नळी उघडी दिसली की झालं." मग तीच थांबली आणि तिने डोळे मिटले. "नाही झालं. वर असतं आणि येताना वाऱ्याने उडालं असतं तरी नळी उघडीच दिसेल. अर्ध्या वाटेत गेलं की शेवटी गेलं, कोण सांगणार? टोपरं सापडलं नाही तर मला हे उड्डाण शंकेचं म्हणून बाजूला ठेवावं लागेल, काका." तिने ते रागाने म्हटलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. तिने थर्मासमधून मला चहा ओतून दिला, दोन चमचे साखर घालून, मी कसा पितो ते तिला लहानपणापासून माहीत आहे.

विमान दिसलं तेव्हा ते आधी एक रेघ होतं. मग त्याचे लांब पातळ पंख दिसले, या समुद्रावर तरंगणाऱ्या मोठ्या पांढऱ्या पक्ष्यांसारखे, आणि ते पंख वाऱ्यात तसेच डुलत होते. त्याच्यामागे एक मोटार सुसाट पळत वैमानिकाला उंची सांगत जाते, कारण त्या सुटात माणसाला खालची जमीन नीट दिसत नाही. वारा आडवा होता. एक पंख खाली गेला, वर आला. मोटारीतला माणूस काय सांगत होता ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण दानित्साचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. टेकलं. मी शिडी घेऊन निघालो. मागून दानित्साही आली, माझ्यावर लक्ष ठेवायला नाही, तिला राहवलं नाही म्हणून.

डावी नळी उघडी होती. तिच्या कडेला पांढरं दव गोठलेलं, आणि कुठे लोकरीचा एक धागाही नव्हता. मी बोट फिरवलं, बोट चिकटलं. पण धागा नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. दानित्सा आत जाऊन यंत्रातला आलेख घेऊन आली. उजव्या नळीने ढगाच्या थेंबांचे डोंगर काढले होते, एकामागून एक. डाव्या नळीची रेघ चांगली वर चढत जाऊन मधोमध खाली कोसळली होती. शून्याच्या पातळीवर, जमिनीला लागून चालली होती, आणि परत येताना पुन्हा चढली होती.

"लोकर असती तर चढताना तरी कशी चढली असती?" मी विचारलं.

"कमी दाबाच्या हवेत कापड वेगळं वागतं. सांगता येत नाही. टोपरं वर नव्हतं असं मला म्हणावंसं वाटतंय, म्हणूनच मला तसं म्हणता येत नाही, काका."

ड्वायर साहेबांना दोन माणसांनी धरून खाली आणलं. शिरस्त्राण निघालं, आतून घामाने चिकटलेले केस आणि सुजलेले ओठ निघाले. त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला. "बाबा, फिरवून आणलंत?" त्यांच्या मोडक्यातोडक्या भाषेत. मी म्हणालो, अर्धं. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

त्याच वेळी हँगरच्या छोट्या दारातून झुनिल्दा आत आली. तिला फाटकावर कुणी अडवत नाही, तिच्या पावाची भीड सगळ्यांनाच आहे. तिच्या हातात माझी काळी टोपी होती, चिखलाने एका बाजूला पांढरट झालेली. "चौकातल्या झाडाच्या फांदीला अडकली होती," ती म्हणाली. "एल्सिराने काठीने काढली आणि टॅक्सीवाल्याच्या हाती पाठवली. निरोप पण पाठवलाय. म्हणाली, त्याला सांग, डोकं ठेवायचं असेल तर टोपीला दोरी बांध." मग ती टोपी माझ्या डोक्यावर ठेवण्याआधी तिने सवयीने उलटी केली, झटकायला. आतल्या पट्टीत नीट घडी करून खोचलेलं, फीत आत दुमडलेलं, डाव्या नळीचं टोपरं होतं.

मी टोपीत पाहिलं आणि सकाळ परत आली, पण या वेळी तिच्यावर दुसरी कुठली सकाळ नव्हती. आज शिडीवर वारा असा होता की डाव्या हाताने मी दांडा सोडू शकत नव्हतो, आणि डावा खिसा त्याच बाजूला होता. उजव्या हातात टोपरं, तोंडात काही धरायचं नाही असा दानित्साचा नियम. हात वर गेला. वडलांच्या बोटीत जात असे तसा. मी टोपी उचलली, लोकर आत घातली, टोपी बसवली, आणि मान ताठ करून शिडी उतरलो. माझ्या हाताला ते इतकं जुनं वाटलं की त्याने मला सांगितलंच नाही.

दानित्सा हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग तिने डोळे पुसले आणि परत हसली. ड्वायर साहेबांना समजावून सांगितल्यावर ते ओल्या केसांनिशी खाली बसले आणि जमिनीवर हात आपटत राहिले. "म्हणजे ते सकाळपासून तुमच्याच डोक्यावर होतं," ते म्हणाले. झुनिल्दा म्हणाली, "पन्नास वर्षं मी याला विचारतेय, तुझ्या डोक्यात आहे तरी काय. आज कळलं."

"मग उड्डाण?" मी दानित्साला विचारलं.

"खरं. पूर्ण खरं. एकही आकडा बाजूला ठेवायचा नाही." ती हे म्हणाली आणि तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळे आलेखाकडे गेले. मीही पाहिलं. ती जमिनीला लागून चाललेली रेघ आता कुणाच्याही लोकरीची नव्हती. दिवसभर मी देवाजवळ मागत होतो की चूक माझी नसावी. आता त्या रेघेकडे बघताना क्षणभर मला वाटलं, असती तर बरं झालं असतं. माझ्या चुकीने झालं असतं तर काढून खिशात घालता आलं असतं.

झुनिल्दाने कागद ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसा पाहिला. "म्हणजे मधे वर काहीच नाही?"

"जवळजवळ," दानित्सा म्हणाली. "उन्हाळ्याकडे परत भरेल. तोवर काकांना टोपी घालून फिरवा."

"दोरी बांधते," झुनिल्दा म्हणाली. तिने खरंच सुई काढली. ती तिच्या कोटाच्या कॉलरमागे कायम टोचलेली असते.

मी दोन्ही टोपरी घेऊन शिडी चढलो. उजवं बसवलं. डावी नळी अजून बर्फासारखी होती, वरची थंडी तिच्यात शिल्लक होती. रात्रभर थंडीत निजलेल्या पोराला घालावं तसं मी टोपरं हळूच खाली ओढलं, कडेपर्यंत, फीत गुंडाळून गाठ मारली आणि वरून दोनदा थोपटलं. मग वर पाहिलं. आभाळ निळं होतं, फार निळं, आणि त्याला घालायला माझ्याकडे तिसरं टोपरं नव्हतं. खालून झुनिल्दा म्हणाली, "म्हाताऱ्या, टोपी." मी उजव्या हाताने टोपी धरली, डाव्याने दांडा, आणि सावकाश उतरलो.